बर्गंडीची बाटली आणि तिचा सातबारा

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात वाईनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने चार कोटी रुपये. बाटली नेहमीची, पाऊण लिटरची. साल १९४५, नाव रोमाने-काँती. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आला असणार: द्राक्षाच्या रसात असं असतं तरी काय?

उत्तराची सुरुवात रसापासून न करता जमिनीपासून करावी लागते. रोमाने-काँती हे कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे, ते एका शेताचं नाव आहे. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रदेशातलं, १.८ हेक्टरचं, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार एकरांचं शेत. जगात त्या नावाची वाईन फक्त त्या साडेचार एकरांतून निघते.

आपल्याकडे युरोपीय वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातकर लागत आला. युरोपशी व्यापार कराराची बोलणी निघाली की हा कर हमखास चर्चेत येतो आणि त्या वाईनबद्दलचं कुतूहलही वाढतं. नाशिकच्या बाटलीवर ‘शिराझ’, ‘शेनिन ब्लाँ’ असं द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं. बर्गंडीच्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव सापडतच नाही. एक गाव, गावाला आडनावासारखं जोडलेलं दुसरं नाव, खाली एखाद्या शेताचं नाव आणि तळाशी कुणा कुटुंबाचं. माणूस गांगरतो. पण ज्याने तलाठ्याकडून आणलेला सातबारा एकदा तरी नीट वाचला आहे, त्याला हे लेबल जड जाऊ नये. गाव कोणतं, गट कोणता, कसणारा कोण, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं.

एक उतार, एक रस्ता

बर्गंडीचा गाभा म्हणजे ‘कोत दोर’ नावाचा डोंगरउतार. दिजों शहरापासून दक्षिणेकडे साधारण पन्नास किलोमीटर लांब, आणि रुंदी जेमतेम एक-दोन किलोमीटर. तोंड पूर्वेकडे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट अंगावर. उत्तरेकडचा अर्धा भाग म्हणजे कोत द न्वी. तो लाल वाईनचा. दक्षिणेकडचा कोत द बोन. तिथे लाल वाईन होतेच, शिवाय जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पांढऱ्या वाईनही तिथल्याच. आणखी दक्षिणेला कोत शालोनेज आणि माकोने हे परवडणाऱ्या वाईनचे भाग लागतात. शाब्ली मात्र या सगळ्यांपासून तुटून वर वायव्येला आहे.

या उताराचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. माथ्यावर जंगल आणि उघडा चुनखडक, माती अगदी पातळ. पायथ्याशी वाहून आलेली जाड, ओल धरून ठेवणारी चिकणमाती. मधला पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे ते तीनशे मीटरवर, तिथे चुनखडक आणि चिकणमाती यांचं मिश्रण, पाण्याचा निचरा चांगला आणि ऊन भरपूर. सर्वांत मोलाची शेतं याच मधल्या पट्ट्यात आहेत. पायथ्याशी दिजोंहून दक्षिणेला जाणारा मोठा रस्ता आहे. तो बर्गंडीचा अलिखित बांधच म्हणायचा. रस्त्याच्या वर नामांकित जमीन, खाली बहुतेक साधी. रस्ता ओलांडला की एकरी भावात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

द्राक्षं मोजून दोन

बर्गंडीत लाल वाईनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्डोने. निम्म्याच्या आसपास लागवड शार्डोनेची, जवळपास चाळीस टक्के पिनो न्वारची. म्हणून लेबलवर द्राक्षाचं नाव लिहायची तिथे कुणाला गरज वाटत नाही. लाल म्हटलं की पिनो न्वार हे गृहीतच आहे, जसं रत्नागिरीच्या बागायतदाराने ‘आंबा’ म्हटलं की हापूस.

पिनो न्वार हे त्रासदायक द्राक्ष आहे. साल पातळ, घड गच्च, त्यामुळे कूज लवकर लागते. भुरी आणि डावणी ही नाशिक-सांगलीच्या बागायतदारांची नेहमीची दुखणी तिथेही आहेत. दोन्ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात पोचली. सालीतून उतरणाऱ्या तुरटपणाला वाईनवाले टॅनिन म्हणतात. कोऱ्या चहाने जीभ आखडते, तोच तो गुण. पातळ सालीमुळे पिनोत तो कमी असतो आणि रंगही फिका येतो. पेल्यातून पलीकडची बोटं दिसली तर वाईन पाणचट आहे असं समजू नये. तरुणपणी तिला लाल फळांचा, चेरीचा वास असतो. दहा-पंधरा वर्षं मुरली की तोच वास भिजलेल्या पाचोळ्याकडे, जंगलातल्या ओल्या मातीकडे झुकतो. चांगल्या बर्गंडीच्या मागे माणसं वेडी होतात ती या बदलापायी.

शार्डोनेला स्वतःचा असा भडक वास नाही. जिथे वाढेल आणि जशी हाताळाल तशी ती होते. शाब्लीत थंडी जास्त आणि माती किमरिजियन काळातली, साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची. त्यात इवल्याशा कालवांच्या शिंपांचे जीवाश्म आजही हाताला लागतात. तिथली शार्डोने सडपातळ, आंबटसर, लिंबाच्या धारेची. तिथे बरेच जण लाकडी पिंप वापरतच नाहीत. तेच द्राक्ष कोत द बोनमधल्या मर्सो गावात ओकच्या पिंपात आंबवतात आणि महिनोन्‌महिने तसंच मुरू देतात. ती भरदार होते, लोण्याचा आणि भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास येतो. डोळे बांधून दोन्ही दिल्या तर नवखा माणूस या दोन वेगळ्या द्राक्षांच्या वाईन आहेत असंच म्हणेल.

अलिगोते हे आणखी एक पांढरं द्राक्ष, आंबट आणि स्वस्त. त्यापासूनची साधी वाईन आणि क्रेमाँ ही फेसाळ वाईन यांवर तिथल्या लोकांची रोजची तहान भागते. चौथं गामे. त्याची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढून गामेच्या वेली उपटायला लावल्या. गामे लवकर पिकायचं, उत्पन्न भरपूर द्यायचं, शेतकऱ्याला परवडायचं. पण त्याच्या वाईनमुळे प्रदेशाचं नाव खराब होतं असं ड्यूकचं म्हणणं. फर्मानात त्याने या वेलीला अत्यंत वाईट आणि बेइमान म्हटलं होतं. गामे दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत गेलं आणि तिथे उत्तम रुजलं. बोजोले प्यायल्यावर वाटतं, ड्यूकने वेलीवर अन्यायच केला.

चार पायऱ्या

आता वर्गवारी. गोंधळ होतो तो इथेच. फ्रान्समध्ये १९३५ च्या कायद्याने जमिनीच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळालं. अशा संरक्षित नावाला अपेलासिओं म्हणतात. हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन त्याच जातीचं. पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला हापूस म्हणून विकायचं नाही, हा त्याचा अर्थ. बर्गंडीने हा नियम जिल्ह्यावर न थांबवता थेट बांधापर्यंत नेला. एका कोत दोर उतारावर नावानिशी ओळखले जाणारे जमिनीचे १,२४७ तुकडे आहेत. अशा तुकड्याला तिथे क्लिमा म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

सगळ्यांत खालची पायरी प्रदेशाची. लेबलवर ‘बुर्गोन्य’ हे प्रदेशाचं फ्रेंच नाव. द्राक्षं प्रदेशातल्या कोणत्याही गावची चालतात. निम्म्याच्या आसपास वाईन या पायरीवरची आहे.

दुसरी पायरी गावाची. लेबलवर ‘जेव्रे-शांबेर्तां’ असं लिहिलं असेल तर द्राक्षं त्याच गावच्या शिवारातली.

तिसरी प्रमिए क्रू, शब्दशः ‘पहिल्या दर्जाची’ जमीन. इथे गावाच्या नावापुढे शेताचंही नाव येतं: ‘जेव्रे-शांबेर्तां प्रमिए क्रू, क्लो सें-जाक’. अशी सहाशेच्या वर नावं आहेत आणि एकूण वाईनमध्ये त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास.

सगळ्यांत वरची ग्राँ क्रू. अशी फक्त ३३ नावं, आणि बर्गंडीच्या शंभर बाटल्यांतली जेमतेम एखादी या पायरीवरची. इथे गावाचं नाव गळून पडतं. लेबलवर नुसतं ‘शांबेर्तां’. शनिवारवाड्याच्या पत्त्यात कुणी पुणे लिहीत बसत नाही, तसं. जितकी मोठी जमीन तितका छोटा पत्ता.

फसगत होते ती इथे. जेव्रे हे मूळ साधं गाव. त्याच्या हद्दीतलं शांबेर्तां हे शेत नेपोलियनच्या आवडीमुळे जगभर गाजलं. गावाने विचार केला, या नावाचा थोडा उजेड आपल्यावरही पडू दे. १८४७ साली परवानगी काढून त्यांनी शेताचं नाव गावाला जोडून घेतलं. मग शेजारच्या गावांनीही तेच केलं. माँराशे हे पांढऱ्या वाईनचं सर्वांत मानाचं शेत दोन गावांच्या हद्दीवर आहे, म्हणून १८७९ साली दोन्ही गावांनी ते नाव लावून घेतलं: पुलिन्यी-माँराशे आणि शासान्य-माँराशे. परिणाम असा, की ‘शांबेर्तां’ म्हणजे सर्वोच्च शेत आणि ‘जेव्रे-शांबेर्तां’ म्हणजे साध्या शिवारातली गावची वाईन. किमतीत कित्येक पटींचा फरक. गावाच्या नावाला शेताचं नाव जोडलेलं दिसलं की बाटली गावाची, शेताचं नाव एकटं दिसलं की शेताची, ही खूणगाठ बांधली की बरीच फसगत टळते.

या नावांचा कस लागल्याचं एक प्रकरण आहे. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाँसो या बर्गंडीच्या घराण्याच्या ‘क्लो सें-देनी’ या ग्राँ क्रूच्या १९४५ ते १९७१ या सालांमधल्या बाटल्या मांडल्या गेल्या. घराण्याचे प्रमुख स्वतः विमानाने तिथे गेले आणि त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. कारण साधं होतं: त्यांच्या घराण्याने त्या शेताची वाईन करायला सुरुवातच १९८२ साली केली होती. बाटल्या पुरवणारा रूडी कुर्नियावान पुढे दोषी ठरला आणि २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. शेताचं नाव खरं, घराणं खरं, पण त्या सालात ते घराणं ते शेत कसतच नव्हतं.

मठाधिकाऱ्यांकडून भावकीकडे

एवढ्या बारकाईने जमीन मोजली कुणी? मोठं श्रेय जातं सिस्टर्शियन साधूंना. त्यांचा सितो येथला मठ १०९८ सालचा. दानात मिळालेल्या जमिनी ते पिढ्यान्‌पिढ्या कसत राहिले. कोणत्या तुकड्यात द्राक्ष आधी पिकतं, कुठे पाणी साचतं, कुठला रस वेगळा लागतो हे ते पाहत गेले. माणूस बदलला तरी मठ तोच, त्यामुळे शेकडो वर्षांचं निरीक्षण एका जागी साठलं. क्लो द व्हूजो हा त्यांनी भिंत घालून बंदिस्त केलेला पन्नास हेक्टरांचा मळा आजही उभा आहे.

मग १७८९ ची क्रांती झाली. चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. त्यानंतर १८०४ ची नेपोलियनची दिवाणी संहिता आली: बापाची मालमत्ता सगळ्या मुलांत सारखी वाटायची. पुढे काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. चार भाऊ, चार हिस्से. त्यांची मुलं, सोळा हिस्से. एकट्या मठाच्या ताब्यातला तो क्लो द व्हूजो आज साधारण ऐंशी मालकांत विभागला आहे. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी आल्या आहेत. बर्गंडीत वाईनचं एक पिंप २२८ लिटरचं, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्या. एखाद्या ग्राँ क्रूमधून वर्षाला एकच पिंप काढणारी कुटुंबं तिथे आहेत. सगळ्या जगाला मिळून तीनशे बाटल्या, यातच भावाचं निम्मं रहस्य आहे.

ती चार कोटींची बाटलीही याच टंचाईची. रोमाने-काँतीच्या जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या होत्या. फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आल्यावर सगळ्या युरोपने अमेरिकन खुंटावर कलमं केली, जशी आपल्याकडे डॉगरिज खुंटावर करतात. या शेताने मात्र औषधं देऊन जुन्या वेली टिकवल्या होत्या. युद्धात औषध मिळेनासं झालं. १९४५ साली जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या आणि त्यानंतर वेली उपटाव्या लागल्या. पुढची रोमाने-काँती थेट १९५२ ची.

माती खरंच जिभेला कळते का?

जमीन, उतार, ऊन, पाणी यांच्या एकत्रित गुणाला फ्रेंच लोक टेरवार म्हणतात. यावर शंका घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. शाब्लीच्या वाईनमध्ये शिंपांची चव उतरते असं सांगतात, तशी ती उतरत नाही. वेल मुळांवाटे क्षार पाण्यात विरघळलेल्या रूपात घेते. दगडाची चव शोषून ती घडात भरत नाही.

पण म्हणून जमिनीला अर्थ नाही असं नव्हे. जमीन पाणी किती देते आणि कधी तोडते, सकाळी किती लवकर तापते, थंड हवा तिच्यावर साचते की खाली वाहून जाते, यावर घड कसा पिकतो हे ठरतं. एकाच गावात एकाच वाणाच्या दोन बागांचा माल वेगळ्या गोडीचा निघतो हे कोणताही द्राक्ष बागायतदार सांगेल. बर्गंडीने ते सहाशे-आठशे वर्षं टिपून ठेवलं, एवढाच फरक.

वरची पायरी, म्हणून चांगली वाईन?

नाही. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण महागाच्या भीतीने आणि महागाच्या आकर्षणाने लोक दोन्हीकडून चुकतात. पायरी जमिनीची ऐपत सांगते, कसणाऱ्याची मेहनत सांगत नाही. क्लो द व्हूजोचंच पाहा. भिंतीच्या आतली सगळी जमीन ग्राँ क्रू, पण वरचा भाग उत्तम निचऱ्याचा आणि खालचा, रस्त्यालगतचा, जड आणि ओलसर. ऐंशी मालक, ऐंशी हात, आणि लेबलवर सगळ्यांचं एकच नाव.

म्हणून लेबलच्या या सातबाऱ्यावरचा तिसरा रकाना, कसणाऱ्याचा, सर्वांत आधी वाचावा. तिथे ‘दोमेन’ असेल तर स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतः बाटली भरणारं कुटुंब. दुसरे नेगोसियाँ, म्हणजे इतरांकडून द्राक्षं किंवा वाईन घेऊन आपल्या नावाने विकणारे व्यापारी. बुशार (१७३१) आणि लुई लातूर (१७९७) ही त्यातली जुनी घराणी, त्यांच्याही स्वतःच्या जमिनी आहेत. व्यापारी म्हणजे हलका असं मुळीच नाही. पण मेहनती कुटुंबाची साधी ‘बुर्गोन्य’ आळशी मालकाच्या प्रमिए क्रूला सहज मागे टाकते, हे वाइनच्या जाणकारांना नवं नाही.

एकदा ठरलं ते कायमचं?

जवळजवळ. कुणाची चूक काढायची नाही, पण पश्चिम फ्रान्समधल्या बोर्दो या दुसऱ्या नामांकित वाईन प्रदेशाशी तुलना केली की हे नीट कळतं. बोर्दोच्या मेदोक भागात १८५५ साली दर्जा दिला गेला तो मालकाच्या वाड्याला, शातोला. त्या वाड्याने पुढे त्याच गावात आणखी जमीन घेतली तर तीही त्याच दर्जाखाली येऊ शकते. बर्गंडीत दर्जा जमिनीला चिकटलेला. मालक बदला, वारस बदला, पायरी तीच.

तरी फेरफार होतात. माकोने भागात पिढ्यान्‌पिढ्या एकही प्रमिए क्रू नव्हतं. पुई-फ्युइसे इथल्या शेतकऱ्यांनी कित्येक वर्षं मातीचे नकाशे, जुनी कागदपत्रं आणि वाईनचे नमुने दाखवून पाठपुरावा केला. २०२० साली तिथल्या २२ क्लिमांना तो मान मिळाला.

ऊन वाढतंय, उतार तोच

पुढचा बदल मात्र कागदावरून येणार नाही. बोन गावात द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून मिळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या नोंदी २०१८ पर्यंत जोडून पाहिल्या, तर १९८८ नंतर तोडणी आधीच्या सहा शतकांपेक्षा सरासरी तेरा दिवस लवकर होऊ लागल्याचं दिसलं. वेल आधी जागी होते म्हणून उशिरा पडणारी थंडीही जास्त झोंबते. एप्रिल २०२१ मध्ये वेलींचे कोवळे डोळे वाचवायला शेतकऱ्यांनी रात्रभर बागांमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या, तरी बरंच पीक गेलं.

मधल्या पट्ट्याला मान मिळाला तो द्राक्ष जेमतेम पिकायचं अशा थंड काळात. तेव्हा माथ्यामागची ओत-कोतची पठारं आणि से-तोबँ, से-रोमाँ ही आडबाजूच्या खोऱ्यांतली गावं फार थंड म्हणून मागे पडली होती. आता तिथे द्राक्ष नीट पिकतं आणि आंबटपणाही टिकून राहतो. ओत-कोतच्या लेबलवर मात्र अजून तळाची, प्रदेशाचीच पायरी आहे, आणि किंमतही त्याच हिशेबाने लावलेली असते. बर्गंडीची पहिली बाटली घ्यायची असेल तर मी या नावांकडे बोट दाखवीन.